छंदोरचना आणि उत्क्रांत काव्य : यंत्रनिर्मित कवितेच्या इतिहासातील परीक्षकाचा प्रश्न

प्रास्ताविक

डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन हे १९२८ साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे जवळजवळ अखेरपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, त्यांचे कार्यक्षेत्र हेच शहर राहिले. 'छंदोरचना' या त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२७ ची. परंतु आज अभ्यासकांच्या हाती जो ग्रंथ असतो तो १९३७ सालचा, सुधारून वाढविलेला, कोल्हापूरच्या वास्तव्यात सिद्ध झालेला आहे. याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी पद्याच्या एखाद्या ओळीला 'ओळ' म्हणून मान्यता केव्हा द्यावयाची, या प्रश्नाचे इतके काटेकोर आणि तपासता येण्याजोगे उत्तर त्यापूर्वी मराठीत कोणी दिले नव्हते.

या घटनेनंतर सहासष्ट वर्षांनी, २००३ साली, स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात रुली मानुरुंग या इंडोनेशियन संशोधकाने डॉक्टरेटसाठी एक प्रबंध सादर केला. जीवसृष्टीतील उत्क्रांतीच्या धर्तीवर संगणकाकडून कविता 'वाढविता' येईल काय, हा त्याचा विषय. मानुरुंग यांच्यापुढे माधवरावांचा ग्रंथ असण्याचा संभव नाही. तथापि दोघांच्या कामाचा गाभा एकच आहे : ओळी निर्माण करणे हा खरा पेच नसून आलेल्या ओळींतून कोणती ठेवावयाची आणि कोणती टाकावयाची, हे ठरविणारा परीक्षक कसा घडवावा, हा पेच आहे. यंत्रकाव्याचा इतिहास सामान्यतः निर्मितीच्या बाजूने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो परीक्षकाच्या बाजूने पाहिला आहे, आणि तसे पाहता कोल्हापूरला या इतिहासात एक स्थान आहे असे दिसून येते.

मोजणीची परंपरा

शक्य तितक्या सर्व रचना यांत्रिक रीतीने मांडून दाखविण्याची कल्पना भारतीय छंदःशास्त्रात फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांच्या अखेरच्या अध्यायात प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट इत्यादी प्रत्यय सांगितले आहेत. ठरावीक अक्षरसंख्येच्या चरणात लघु-गुरूंच्या किती आणि कोणकोणत्या मांडण्या संभवतात, हे प्रस्ताराने क्रमवार लिहून काढता येते. त्यातील अमुक क्रमांकाची मांडणी कोणती हे 'नष्ट' सांगते, तर अमुक मांडणीचा क्रमांक कोणता हे 'उद्दिष्ट' सांगते. दहाव्या शतकातील टीकाकार हलायुधाने यासंबंधात जो मेरू रेखाटला, तो पाश्चात्त्य गणितात पुढे पास्कलचा त्रिकोण म्हणून प्रसिद्धीस आला. मात्रावृत्तांच्या मोजणीत येणारी १, २, ३, ५, ८, १३ ही श्रेणीही विरहांक आणि हेमचंद्र यांना फिबोनाचीच्या आधीपासून ठाऊक होती.

या मोजणीतून निघणारे आकडे बोलके आहेत. भुजंगप्रयाताचा चरण बारा अक्षरांचा. बारा अक्षरांत लघु-गुरूंच्या ४,०९६ मांडण्या होतात. मंदाक्रान्तेच्या सतरा अक्षरांत १,३१,०७२, तर शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत ५,२४,२८८. यांपैकी नाव मिळालेली, कवींनी वापरलेली आणि कानाला रुचलेली वृत्ते किती? प्रत्येक अक्षरसंख्येस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रस्ताराने सर्व संभव शास्त्रकारांच्या पुढ्यात ठेवले. निवड मात्र कित्येक शतकांच्या पठनाने केली. त्या निवडीचे कोणतेही सूत्र पिंगलाने दिलेले नाही.

कोल्हापूरनजीकच्या पन्हाळगडावर १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. पंतांचे आयुष्य पुढे बारामतीस गेले. परंतु मराठी पद्यातील नियमबद्धतेचा हा सर्वांत मोठा उपासक या मुलुखात जन्मला, ही गोष्ट योगायोगाची असली तरी नोंदवावीशी वाटते. मराठीत 'पंतांची आर्या' म्हणून जी ओळखली जाते ती शास्त्रदृष्ट्या बहुधा गीती असते. तिच्या प्रत्येक अर्धात चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू, अशा तीस मात्रा येतात. चार मात्रांची मांडणी पाच प्रकारे होऊ शकते. मात्र विषम स्थानी ज-गण चालत नाही, म्हणून तेथे चारच पर्याय उरतात आणि सहाव्या स्थानी ज-गण किंवा चार लघू असे दोनच. हिशेब केला तर एका अर्धाच्या १२,८०० आणि संपूर्ण गीतीच्या १६ कोटी ३८ लाख ४० हजार मांडण्या निघतात. हे केवळ सांगाडे झाले. त्यांत शब्द भरण्याचा प्रश्न निराळाच. या नियमांवर पंतांनी स्वतःहून आणखी बंधने लादून घेतली. निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले, आणि अशा नाना बंधनांत रामकथा एकशेआठ वेळा सांगण्याचा संकल्प सोडला.

पंतांची आर्या नियमाच्या कसोटीस बहुतेक ठिकाणी निर्दोष उतरते. असे असूनही ती कविता आहे की केवळ कसरत आहे, हा वाद एकोणिसाव्या शतकात जोराने झाला आणि 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांना पंतांची बाजू घ्यावी लागली. वृत्ताच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळविणाऱ्या कवीवर असा खटला चालावा, ही बाब यंत्रकाव्याचा विचार करताना विसरता येत नाही.

परीक्षकाविना यंत्रे

युरोपात पद्य रचणारे पहिले प्रसिद्ध यंत्र म्हणजे जॉन क्लार्क याचे 'युरेका'. इंग्लंडमधील ब्रिजवॉटर येथील या गृहस्थाने ते १८४५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शनार्थ ठेवले. फिरणाऱ्या दंडगोलांवर अक्षरे बसविलेली असत आणि त्यांच्या जुळणीतून लॅटिन भाषेतील षट्पदी वृत्ताची एकेक ओळ समोर येई. गंमत अशी की या यंत्राची ओळ कधीच चुकत नसे. प्रत्येक ओळीची व्याकरणाची घडण एकच, प्रत्येक स्थानी येणाऱ्या शब्दांचे वजन एकच. त्यामुळे कोणताही शब्द कोणत्याही शब्दाशेजारी आला तरी वृत्त व व्याकरण दोन्ही साधत. परीक्षक नेमण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था क्लार्कने आधीच करून ठेविली होती. त्याची किंमत म्हणजे सर्व ओळी एकाच साच्याच्या.

संगणक आल्यावरही प्रारंभी हीच रीत चालू राहिली. मँचेस्टर येथे १९५२ मध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची याने यंत्राकडून प्रेमपत्रे लिहविली. श्टुटगार्ट येथे १९५९ मध्ये थिओ लुट्झ याने काफ्काच्या 'द कॅसल' या कादंबरीतील शब्द घेऊन यदृच्छेने वाक्ये जुळविली. फ्रेंच लेखक रेमाँ केनो याने १९६१ मध्ये दहा सुनीतांचे असे पुस्तक काढले की त्यांतील कोणतीही ओळ त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या ओळीच्या जागी बसावी. चौदा ओळींच्या या खेळातून दहाचा चौदावा घात, म्हणजे एकावर चौदा शून्ये, इतकी सुनीते संभवतात. केनोच्या पुस्तकाला यंत्र लागत नाही, हे खरे. परंतु पिंगलाच्या प्रस्ताराशी त्याचे नाते उघड आहे. या सर्व प्रयोगांत जे बाहेर येईल ते ग्राह्य मानले जाई. कोणती रचना अधिक चांगली, हे यंत्राला विचारण्याची सोय नव्हती.

पिढ्यांची रीत

ही सोय जनुकीय अल्गोरिदमाने करून दिली. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथातून या रीतीची शास्त्रीय मांडणी केली. तिचे स्वरूप थोडक्यात असे. प्रथम एखाद्या प्रश्नाची यदृच्छेने घडविलेली पुष्कळ उत्तरे एकत्र घ्यावयाची. ही पहिली पिढी. प्रत्येक उत्तराला त्याच्या योग्यतेप्रमाणे गुण द्यावयाचे. अधिक गुणांची उत्तरे निवडून त्यांच्या जोड्या लावावयाच्या आणि एकाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या अर्ध्या भागास जोडून संकर करावयाचा. क्वचित एखादा घटक आपोआप बदलू द्यावयाचा, हे उत्परिवर्तन. अशी दुसरी पिढी तयार झाली की पुन्हा गुण, पुन्हा निवड, पुन्हा संकर. शेकडो पिढ्यांनंतर उत्तरांचा दर्जा वाढत जातो.

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ मध्ये शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील एक लहान वाक्य घेऊन ही संचयी निवड लोकप्रिय केली. यदृच्छेने अक्षरे टाकत बसल्यास ते वाक्य विश्वाच्या आयुष्यातही हाती लागणार नाही. परंतु प्रत्येक पिढीतील त्या वाक्याशी अधिक जुळणारी अक्षरमाला जपत गेल्यास थोड्याच पिढ्यांत मिळते. तथापि डॉकिन्स यांच्या परीक्षकाजवळ उत्तर आधीच लिहिलेले होते. कवितेच्या परीक्षकाजवळ ते नसते. लिहावयाची कविता अगोदर ठाऊक असेल तर ती लिहावयाचे कारणच उरत नाही.

मानुरुंग यांनी या अडचणीतून वाट काढण्यासाठी कवितेच्या तीन अटी ठरविल्या : ती व्याकरणशुद्ध असावी, अर्थपूर्ण असावी आणि तिला काव्यरूप असावे. आपल्या संगणकीय प्रणालीला त्यांनी मॅक्गॉनगल हे नाव दिले. विल्यम मॅक्गॉनगल हा एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश कवी वाईट कवितेसाठीच अजरामर झालेला आहे, हे लक्षात घेतले की संशोधकाच्या विनयाची आणि विनोदबुद्धीची कल्पना येते. व्याकरणाची अट त्यांनी परीक्षकाकडे सोपविलीच नाही. वाक्ये व्याकरणाच्या वृक्षांतूनच उगवतील अशी योजना करून ती निर्मितीतच बांधून टाकली. उरलेल्या दोन अटींसाठी दोन परीक्षक ठेवले. एक, ओळीतील आघातांचा क्रम अपेक्षित वृत्ताशी किती जुळतो ते पाहणारा. दुसरा, ओळीतून निघणारा अर्थ ठरविलेल्या अर्थाशी किती जुळतो ते पाहणारा.

या प्रयोगाचे फलित मननीय आहे. केवळ वृत्ताचा परीक्षक कामास लावला तेव्हा वृत्त साधले. केवळ अर्थाचा परीक्षक लावला तेव्हा अर्थही बव्हंशी साधला. दोघे एकत्र बसले तेव्हा मात्र प्रगती अडखळू लागली. वृत्तासाठी केलेला बदल अर्थ बिघडवी आणि अर्थासाठी केलेला बदल वृत्त मोडी. पद्यरचनेचा थोडासा सराव केलेल्या कोणासही हा अनुभव नवा वाटणार नाही.

कोल्हापूरचा परीक्षक

आता हाच प्रयोग मराठीत करावयाचा झाल्यास वृत्ताचा परीक्षक कोठून आणावयाचा? इंग्रजी शब्दातील आघात लिपीवरून कळत नाही; त्यामुळे मानुरुंग यांना उच्चारकोशाचा आधार घ्यावा लागला. देवनागरीत ऱ्हस्वदीर्घ लिहिलेलेच असते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अनुस्वार, विसर्ग अथवा जोडाक्षर पुढे आले की मागील ऱ्हस्व अक्षर गुरू होते. संगणकाला हे शिकविण्यास एक दिवस पुरे. मराठी पद्याचे अक्षरगणवृत्त, मात्रावृत्त अथवा जाती, आणि ओवी-अभंगासारखे अक्षरसंख्येवर चालणारे छंद असे जे वर्गीकरण 'छंदोरचने'त आहे, ते तर तयार नकाशासारखे आहे.

उदाहरणादाखल भुजंगप्रयातातील एक साधी, मुद्दाम रचलेली ओळ घेऊ : 'नदीच्या किनारी उभी शांत छाया'. ल-ग-ग हा य-गण चार वेळा आला आहे. बारापैकी बारा गुण. आता उत्परिवर्तनाने शेवटचा शब्द बदलला आणि 'नदीच्या किनारी उभी शांत भाजी' अशी ओळ आली. वृत्ताचा परीक्षक तिलाही बारापैकी बाराच गुण देईल. उलट 'छाया नदीच्या किनारी उभी शांत' या ओळीत अर्थ पहिल्या ओळीचाच आहे, परंतु अक्षर अक्षराशी ताडून पाहिल्यास बारांपैकी अवघी चार स्थाने जुळतात. (पादान्ताची सवलत येथे धरलेली नाही.) अर्थ शाबूत असलेली ओळ नापास आणि भाजीची ओळ पहिल्या वर्गात, असा हा निकाल. येथे मानुरुंग यांची एक युक्ती उपयोगी पडते. त्यांनी स्थानवार तुलना न करता, एका क्रमाचा दुसरा क्रम करण्यासाठी किती भर-घट करावी लागते ते मोजले. वरील ओळीच्या आरंभी एक लघू वाढविला आणि शेवटचा लघू काढला की भुजंगप्रयात सिद्ध होते; म्हणजे दोष केवळ दोन पावलांचा. असा परीक्षक नापास झालेल्या ओळीतही सुधारण्याची शक्यता ओळखतो, आणि पिढ्यांच्या रीतीला नेमकी हीच दृष्टी हवी असते.

मात्रावृत्तांच्या बाबतीत माधवरावांचे कार्य अधिक मोलाचे आहे. केवळ एकूण मात्रा मोजून जातीची ओळख पटत नाही. चरण कोणत्या आवर्तनाने चालतो ते पाहिले पाहिजे, ही दृष्टी त्यांनी पद्धतशीरपणे मांडली. आठ मात्रांचे पद्मावर्तन, सहांचे भृंगावर्तन, पाचांचे अग्न्यावर्तन, सातांचे हरावर्तन ही त्यांची परिभाषा अभ्यासकांच्या परिचयाची आहे. या दृष्टीने काय फरक पडतो ते आकड्यांनी दाखविता येते. सोळा मात्रांच्या चरणात लघु-गुरूंच्या १,५९७ मांडण्या संभवतात. आठव्या मात्रेवर आवर्तन पुरे झाले पाहिजे, एखादे गुरू अक्षर सांध्यावर आडवे पडता कामा नये, अशी अट घातली की ३४ गुणिले ३४ म्हणजे १,१५६ मांडण्या उरतात. उरलेल्या ४४१ मांडण्यांत मात्रा पुऱ्या सोळा भरतात, पण ताल मध्येच तुटतो. निव्वळ बेरीज करणारा परीक्षक या सर्वांना उत्तीर्ण करील. आवर्तन जाणणारा करणार नाही. ताल धरून म्हणणाऱ्याला हा भेद कानाने कळतोच. माधवरावांनी तो कागदावर आणला, आणि म्हणून तो यंत्राच्याही आवाक्यात आला.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती किरकोळ नाही. वरील ओळीत 'नदीच्या' ऐवजी 'तळ्याच्या' असा शब्द आला असे समजू. संस्कृत नियम यांत्रिकपणे लावल्यास 'ळ्या' या जोडाक्षरामुळे 'त' गुरू ठरतो आणि ओळ बाद होते. मराठी माणूस हा शब्द उच्चारताना 'त'वर आघात देत नाही. त्याच्या कानाला ते अक्षर लघूच आहे आणि ओळ बिनदिक्कत चालते. 'तुझ्या', 'दुसऱ्या', 'तुम्ही' या शब्दांची हीच कथा. उलट 'सत्य', 'पुष्प' यांत आघात स्पष्ट आहे. म्हणजे मराठीतील लघुगुरू अखेर लेखनावर नव्हे, उच्चारावर ठरतात. अनुस्वाराचेही तसेच : स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार अक्षराला गुरू करतो, जुन्या लेखनातील 'नांव', 'कांहीं' यांवरील अनुच्चारित बिंदू स्वतः काही करीत नाही. गद्यात 'घर' हा शब्द आपण व्यंजनान्त उच्चारतो, पद्यात मात्र 'र'ची मात्रा धरावी लागते. ज्या भाषेला उच्चारकोशाची गरज नाही असे वर म्हटले, तिलाही तो लागतोच, फक्त निराळ्या कारणाने.

शुद्धलेखनाच्या नियमांनी यात आणखी गुंता केला. १९६२ च्या नियमांप्रमाणे 'कवि', 'गुरु' हे तत्सम शब्द 'कवी', 'गुरू' असे दीर्घान्त लिहिले जाऊ लागले. त्या नियमांतच कवीला वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची सवलत ठेवलेली आहे. मनुष्य परीक्षक ही सवलत ओघाने देतो. यंत्राला मात्र ती कोठे द्यावी आणि कोठे नाकारावी याचा तक्ता करून द्यावा लागेल, आणि तो तक्ता करणाऱ्याला मराठी कान असावा लागेल. ना. ग. जोशी यांनी १९५५ मध्ये मराठी छंदोरचनेचा लयदृष्ट्या पुनर्विचार मांडला, त्यामागेही लिखित लगक्रम आणि प्रत्यक्ष लय यांतील हेच अंतर होते.

कसोटी बदलते तेव्हा

वृत्ताचा परीक्षक सर्वथा निर्दोष झाला असे क्षणभर मानले, तरी तो कोणत्या काळाचा परीक्षक, हा प्रश्न शिल्लक राहतो. या बाबतीत खुद्द माधवरावांच्या कवितेचा अनुभव उद्‌बोधक आहे. फारसीच्या व्यासंगातून त्यांनी गझल मराठीत आणली. 'गज्जलांजलि' हा त्यांचा संग्रह १९३३ सालचा. वृत्त, यमक, अन्त्यपद या कसोट्यांवर त्यांच्या गज्जला चोख आहेत. पुढे सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून मराठी गझलेचे नियम घालून दिले, तेव्हा प्रत्येक शेर ही स्वयंपूर्ण कविता असली पाहिजे हा आग्रह मध्यवर्ती ठरला. एकाच भावाचा धागा सलग चालविणाऱ्या माधवरावांच्या बहुतेक गज्जला या नव्या कसोटीवर उण्या पडल्या. रचनेत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. परीक्षक बदलला होता. जीवशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर प्राणी तोच राहिला आणि हवामान पालटले.

मुक्तछंदाची गोष्ट याहून टोकाची. माधवरावांच्या हयातीतच कवी अनिल मुक्तछंदाकडे वळले, आणि १९४७ च्या 'काही कविता'नंतर मर्ढेकरांनी तर मराठी कवितेची भूमीच हलविली. मर्ढेकरांनी जुने छंद टाकले नाहीत, उलट ओवी-अभंगाची चाल घेऊन तीत यंत्रयुगाचा अनुभव भरला. १९३७ च्या ग्रंथावर आधारलेला संगणकीय परीक्षक मर्ढेकरांच्या छंदोबद्ध ओळींना गुण देईल खरा. पण त्या ओळी कशामुळे नव्या आहेत, हे त्याला समजण्याचे काही साधन नाही. अनिलांच्या मुक्तछंदाला तर तो पहिल्याच पिढीत गाळून टाकील. चांगल्या कवितेचा जो नमुना परीक्षकाजवळ असतो तो मागच्या पिढीचा असतो, आणि कवितेतील महत्त्वाचे बदल बहुधा त्या नमुन्याविरुद्ध घडतात.

यावर एक उपाय म्हणून परीक्षकाचे काम थेट वाचकांवर सोपविण्याचा प्रयोगही झाला. २००३ मध्येच 'डार्विनियन पोएट्री' या नावाने इंटरनेटवर चाललेल्या एका उपक्रमात यदृच्छेने जुळविलेल्या शब्दसमूहांची जोडी वाचकापुढे ठेवली जाई आणि त्याला जी अधिक रुचेल ती पुढील पिढीस जाई. येथे वृत्त नाही, व्याकरणाची सक्ती नाही. केवळ अनेकांची आवड. अशा निवडीतून अर्थवत वाटणाऱ्या ओळी निघाल्या, हे नाकारता येत नाही. परंतु बहुमताला जे चटकन भावते तेच टिकते, आणि एखाद्याच वाचकाला खोलवर भिडणारी ओळ मतमोजणीत हरते. पिंगलाच्या प्रस्तारातून वृत्ते निवडणारे पठनही अनेकांचेच होते. फरक इतकाच की ती निवड शतकांची होती आणि निवडणारे त्या ओळी तोंडपाठ म्हणत होते.

२०१७ नंतर संगणकीय भाषाव्यवहाराची दिशा पालटली आणि प्रचंड मजकुरावर शिकविलेली भाषा-प्रतिमाने पुढे आली. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी सर्वांच्या हाती आले. पिढ्या आणि संकर यांची रीत त्यामुळे मागे पडली असली तरी परीक्षक नाहीसा झालेला नाही. या प्रतिमानांना वळण लावताना माणसांनी दोन उत्तरांपैकी कोणते अधिक पसंत केले याचाच आधार घेतला जातो. वर सांगितलेल्या उपक्रमाचेच हे विशाल रूप होय. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्‌स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काव्याचे विशेष शिक्षण नसलेल्या वाचकांना यंत्राच्या इंग्रजी कविता आणि नामवंत कवींच्या कविता यांतील भेद ओळखता आला नाही, इतकेच नव्हे तर त्यांनी यंत्राच्या कवितांना अधिक गुण दिले, असे आढळले. त्या कविता समजण्यास सोप्या होत्या हे त्यामागील एक कारण संशोधकांनी सुचविले आहे. हा निष्कर्ष यंत्राविषयी जितका आहे तितकाच परीक्षकाविषयीही आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर ही प्रतिमाने मजकूर अक्षरशः वाचीत नाहीत. ती त्याचे तुकडे पाडतात, आणि देवनागरीत हे तुकडे पुष्कळदा अक्षराच्या मध्येच पडतात. लघु-गुरू हा अक्षराचा धर्म असल्याने तो त्यांना सरळ दिसत नाही. म्हणून छंदोबद्ध मराठी रचना हवी असल्यास ओळी सुचविणारे यंत्र एक आणि त्या तपासणारी, 'छंदोरचने'च्या नियमांवर बेतलेली प्रणाली दुसरी, अशी जोडणी करणे हाच अधिक भरवशाचा मार्ग दिसतो. त्यासाठी 'तळ्याच्या' आणि 'सत्य' यांतील फरक सांगणारा आघातकोश प्रथम तयार व्हावयास हवा. हे काम संगणक विभागाचे नाही, मराठी विभागाचे आहे. त्याला लागणारे भांडवलही मोठे नाही. वेगवेगळ्या बोलींतील वाचकांकडून शब्द उच्चारून घेणे, त्यांतील जोडाक्षरांपूर्वीच्या अक्षरांची नोंद करणे, आणि जुन्या-नव्या कवींनी ती अक्षरे कोणत्या वजनाने वापरली ते ताडून पाहणे, एवढेच ते आहे. कोल्हापूर, बेळगाव आणि कोकण येथील उच्चार जेथे भिन्न पडतील तेथे कोणता ग्राह्य मानावयाचा, यावर मात्र वाद होतील.

माधवरावांनी स्वतः उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या त्या एकदाच नाही. १९२९ मध्ये त्यांनी मूळ फारसीवरून अनुवाद प्रसिद्ध केला आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवताराला अनुसरून 'द्राक्षकन्या' दिली. दोन्ही कोल्हापूरच्या वास्तव्यातील. कवी तोच, आशयाचे मूळ तेच, छंदाचे ज्ञानही तेच. पिढ्यांच्या रीतीने यांपैकी अधिक गुणांची एकच रचना पुढे नेली असती. माधवरावांनी दुसरी लिहिली तेव्हा पहिली मागे घेतली नाही.